दहाच्या आतला वेग

बोरी बुद्रुकला आत्याच्या अंगणात तुळशीवृंदावनाभोवती एक बैलगाडी वळेल एवढीच मोकळी जागा आहे. एका अंगाला कांद्याची बराख, दुसऱ्या अंगाला गोठा, समोर ओट्याच्या पायऱ्या. भाद्रपदातल्या ओलसर सकाळी मी त्या जागेत 241 किलो वजनाची मोटरसायकल घेऊन उभी होते आणि वृंदावनाला एक फेरी घालणं मला काही केल्या जमत नव्हतं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'वेग' हा विषय दिला होता. स्वतः करून बघा आणि मग लिहा, एवढीच अट. मला डोळ्यांपुढे पुणे-नाशिक रस्ता दिसला आणि आतेभावाची ती लांबलचक गाडी. लुनावर शिकलेली, नंतर स्कूटर आणि मग वर्षानुवर्षं शंभर सीसीची साधी मोटरसायकल चालवलेली बाई पहिल्यांदा मोठ्या क्रूझरवर बसते, मोकळ्या रस्त्यावर वेगाचा अनुभव घेते आणि त्याचा लेख होतो, असा माझा हिशेब. चार दिवसांत तो हिशेब पार फिरला. ऐंशीच्या वेगात ही गाडी स्वतःच स्वतःला तोलून धरते. दहाच्या आत आली की तिला आपण सांभाळायचं असतं. आणि गावातलं बहुतेक सगळं चालणं-वळणं दहाच्या आतच होतं.

टोमॅटोची गाडी

2023च्या पावसाळ्यात टोमॅटोनं जुन्नर तालुक्याला कधी नव्हे ते दिवस दाखवले. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांच्या पुढे गेला. त्या हंगामात कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी घरावर मजला चढवला. आतेभावानं सोसायटीचं कर्ज फेडलं, विहिरीवरची मोटर बदलली आणि उरलेल्या पैशांत ही गाडी आणली. "ताई, आजवर सगळं रानासाठी घेतलं. ही एकच गोष्ट माझ्यासाठी," असं तो फोनवर म्हणाला होता. आत्या आजही तिला टोमॅटोची गाडीच म्हणते.

गाडी रॉयल एन्फील्डची सुपर मीटिऑर 650, त्यातली टूरर: पुढे वारा अडवायला उंच काच, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ. 2022च्या नोव्हेंबरात मिलानच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि नव्या वर्षाच्या जानेवारीत भारतात विक्रीला लागली. 648 सीसीचं इंजिन, शेजारीशेजारी दोन सिलिंडर. गावात घरटी दिसणारी स्प्लेंडर 112 किलोंच्या आसपास भरते. म्हणजे हिच्यात दोन स्प्लेंडर मावून वर थोडं वजन उरतं. दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर दीड मीटर.

मेणकापड काढलं आणि आधी मी नुसतीच तिच्याभोवती फिरले. बसायची जागा जमिनीपासून 740 मिलिमीटर, माझ्या नेहमीच्या गाडीपेक्षाही खाली. माझी उंची पाच फूट दोन इंच, तरी दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले. त्यानं फार धीर आला. पण पाय उचलून ठेवायला गेले तर फूटरेस्ट सवयीच्या जागी सापडेनात. ते पुढे होते, जवळजवळ इंजिनाच्या रेषेत. क्रूझरची बैठकच अशी: पाय पुढे, पाठ ताठ, हात सैल. खुर्चीत बसल्यासारखं बसायचं आणि तासन् तास बसून राहायचं. अमेरिकेतल्या सरळ, लांबच लांब रस्त्यांनी ही बैठक घडवली. आपल्याकडे मध्यमवर्गाला तिची ओळख झाली ती 2001च्या बजाज एलिमिनेटरनं आणि नंतर 2005च्या अव्हेंजरनं. त्याआधी मोठी गाडी म्हणजे बुलेटच. 1955 सालापासून मद्रासला तयार होणारी.

या बैठकीची किंमत लगेच कळते. साध्या गाडीवर खड्डा आला की आपण नकळत फूटरेस्टवर भार देऊन थोडं उठतो. इथं पाय पुढे असल्यामुळे तसं उठताच येत नाही. खड्डा थेट कंबरेत येतो. म्हणून तो आधीच बघावा लागतो.

हाफ क्लच

पहिल्या दिवशी आतेभावानं मला रस्त्यावर जाऊच दिलं नाही. "आधी बंद गाडी ढकलून दाखव," म्हणाला. गियर न्यूट्रलला, मी डाव्या बाजूला उभी, दोन्ही हात हँडलवर, सीटला कंबर टेकलेली. अंगण सपाट वाटतं, पण गोठ्याकडे त्याला हलका उतार आहे. इतक्या वर्षांत तो मला कधी दिसला नव्हता. गाडीनं दाखवला. उताराला ती आपसूक चालायला लागली आणि ती थांबवताना माझे दोन्ही खांदे भरून आले.

मग इंजिन सुरू. आवाज बुलेटसारखा धडधडणारा नाही, जाड आणि घोटीव आहे. पहिला गियर, क्लच हळूहळू सोडत आणायचा. गाडी पुढे सरकू पाहते त्या नेमक्या ठिकाणी बोटं थांबवायची. यालाच सगळे हाफ क्लच म्हणतात. बोटांत चिमूटभर फरक पडला की गाडी एकतर धक्का खाऊन पुढे जाते, नाहीतर बंद पडते. जड गाडी हळू चालवायची सगळी विद्या या चिमटीत आहे: क्लच अर्धा धरलेला, रेस एकसारखी, उजव्या पायानं मागचा ब्रेक किंचित दाबलेला. इंजिन पुढे ओढतं, ब्रेक मागे धरतो, आणि त्या दोहोंच्या ताणात गाडी उभी राहते. पुढच्या ब्रेकला अशा वेळी हात लावायचा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो लावला. वृंदावनाला पाऊण फेरी झाली होती, हँडल पूर्ण उजवीकडे वळलेलं. पायरीवरून कोंबडी खाली उतरली आणि माझ्या उजव्या हाताची बोटं सवयीनं आवळली गेली. हँडल वळलेलं असताना पुढचं चाक अडलं की गाडीचं सगळं वजन आतल्या बाजूला कोसळतं. क्षणभर ते माझ्या उजव्या पायावर आलं. पायाला ते पेलेना. मी पाय सोडवून बाजूला झाले आणि गाडी लेग गार्डवर आडवी झाली. आवाज फार झाला नाही. आत्या ओट्यावर ताक घुसळत होती, तिची रवी थांबली एवढंच.

मला रडू आलं. गाडीला काही झालं नव्हतं, मलाही नाही. पण दुसऱ्याची हौस, त्याच्या घामाची वस्तू आपल्या हातून मातीत पडली याची कळ निराळीच असते. आतेभाऊ धावत आला तेव्हा त्यानं पहिल्यांदा किल्ली बंद केली, मग माझ्या पायाकडे पाहिलं. "पडली ते बरं झालं. आता उचलायची कशी ते शीक."

उचलायला दंड लागत नाहीत. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आधी बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी राहिल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही. गियर पहिल्यात, म्हणजे चाक फिरणार नाही. मग गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हातात हँडलची जमिनीलगतची मूठ, दुसऱ्या हातात मागची लोखंडी पट्टी. गुडघे वाकलेले, पाठ सरळ. आणि मग उचलायचं नाही, मागे मागे चालायचं, छोट्या छोट्या पावलांनी. जोर सगळा मांड्यांचा. तिसऱ्या प्रयत्नात ती उभी राहिली. भरल्या पोत्याला पाठ लावून ते थप्पीला रेटतात तसंच हे अंग वापरणं. आत्यानं लांबूनच ओळखलं आणि म्हणाली, "हे तर आम्ही जलमभर केलंय."

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते तोवर काही बोलले नव्हते. ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी त्यांच्याकडे बुलेट होती, जुनी, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असलेली. ती सुरू करणं हाच एक विधी होता: डीकॉम्प्रेसर दाबून किक हळू खाली न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं, मग पूर्ण वजन टाकून किक मारायची. चुकलं तर किक उलटी येऊन पोटरी फोडायची. तिला ते अजून फटफटीच म्हणतात. पण मामांचा खरा जीव बैलगाड्यात. जुन्नर-आंबेगावच्या घाटांत त्यांचा गाडा पळायचा. इथं घाट म्हणजे शर्यतीची चढाची धावपट्टी आणि एकेका गाड्याची धाव म्हणजे बारी. पुढे घोडी, मागे बैल, आणि सगळा निकाल काही सेकंदांचा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या तेव्हा मामांनी दावणीचे खोंड विकले नाहीत. 2021च्या डिसेंबरात परवानगी आली, मे 2023मध्ये घटनापीठानं ती कायम केली. तोवर ते खोंड म्हातारे झाले होते.

संध्याकाळी मामा काठी टेकत शेडमध्ये आले. गाडीकडे बघत म्हणाले, "तू तिच्याशी भांडतीयास. बैलगाडीत वझं पुढं आलं का बैल दबतो, मागं गेलं का गाडी उलाळती. वझं मधी ठिवायचं, मग बैलाला गाडी हाये का नाय कळत नाय." मग थोडं थांबून, "आन चाकाकडं कशाला बघतीस? जायचंय तिकडं बघ. बैल बी तिकडंच बघतो."

दुसऱ्या दिवशी मी वृंदावनाकडे बघणं सोडलं. मान पूर्ण वळवून वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला, बराखीच्या दाराकडे नजर लावली. गाडी नजरेच्या मागून आली.

परवाना एकच

यात एक गोष्ट मला मनापासून खटकते. माझ्याकडचा परवाना मी शंभर सीसीच्या गाडीवर आठ काढून मिळवला, आणि तोच परवाना 650 सीसीला चालतो. अठराशे सीसीलाही चालेल. आपल्या कायद्यात गियरच्या मोटरसायकलला एकच वर्ग आहे. अठरा पूर्ण झालेला मुलगा सकाळी परवाना काढून दुपारी यातली सगळ्यात दांडगी गाडी रस्त्यावर आणू शकतो. युरोपात परवान्याला पायऱ्या आहेत: आधी 125 सीसी, मग मधल्या ताकदीची, मग मोठी. जपानमध्ये चारशे सीसीच्या वरच्या गाडीला वेगळा परवाना लागतो आणि तिथल्या प्रशिक्षणात पडलेली गाडी उचलून उभी करायला शिकवतात. जे मला कोंबडीनं शिकवलं ते तिथं शाळेत शिकवलं जातं. आपल्याकडे साडेतीनशे सीसीच्या वरच्या गाडीला 22 सप्टेंबर 2025पासून चाळीस टक्के जीएसटी आहे. मोठ्या गाडीसाठी सरकार वेगळा कर मागतं, तर वेगळं शिक्षणही मागायला हवं. तालुक्याच्या रस्त्यांवर किती कोवळी पोरं जातात हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

नदीची उतरण, खोडदच्या तबकड्या

गावातून बाहेर पडायची परवानगी मिळाल्यावर पहिला रस्ता कुकडीकडे उतरणारा. उतारावर जड गाडीला ब्रेकनं धरत बसलं की ती पुढे पुढे रेटत राहते. पहिल्या गियरमध्ये ठेवून इंजिनालाच धरू द्यायचं, मग ती म्हशीसारखी शांत उतरते. वाटेतले गतिरोधक हा वेगळा अभ्यास. गाडीचं पोट जमिनीपासून 135 मिलिमीटर, आणि गावोगावचे गतिरोधक प्रत्येकानं आपापल्या रागानुसार घातलेले. सरळ गेलं की पोट घासणार. थोडं तिरकं घेतलं की चाकं एकामागून एक चढतात आणि वाचतं.

नदीकाठी थांबले. बोरीचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते या काठामुळे. इथल्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. 1980च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ती आणि तिच्याजवळची अश्मयुगातली दगडी हत्यारं उजेडात आणली. राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरहून लांबून आलेली. ती 74 हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकातली की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांत वाद झडले. चिमटीत घेतली तर पिठासारखी मऊ लागते, आणि बोटांवर घासली की बारीक काच आहे हे कळतं. आतेभाऊ लहानपणी याच राखेनं भांडी घासायचा.

तिथून खोडदकडे. शेतांच्या वर अचानक त्या तबकड्या दिसायला लागतात. जीएमआरटी, महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण: प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन हातांसारख्या पसरलेल्या. दूरच्या आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे इथली शांतता, रेडिओची शांतता.

मी कुंपणाबाहेर बऱ्याच अंतरावर गाडी बंद केली आणि मग मनात आलं, आपण आत्ता काय वाजवत आलो? पेट्रोलच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या फिरत असेल तर दोन सिलिंडर मिळून तीन हजार ठिणग्या. आणि ठिणगी म्हणजे रेडिओलहर. मार्कोनीनं पहिले बिनतारी संदेश ठिणगीनंच पाठवले. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ म्हणूनच डिझेलची वाहनं वापरतात, डिझेलला ठिणगी लागत नाही. आपल्या गाड्यांच्या स्पार्क प्लगच्या नंबरात बऱ्याचदा 'आर' हे अक्षर असतं. तो आर रेझिस्टरचा: ठिणगीचा हा गोंगाट दाबण्यासाठी प्लगच्या पोटात बसवलेला अवरोध. सोबत आलेल्या आतेभावानं खिशातून जुना प्लग काढून दाखवला, चिनी मातीवरचं अक्षर पुसट झालं होतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, इथं पोरांची जत्रा भरते. पुढच्या वेळी त्यांना हा प्लगही दाखवावा.

माळशेजपर्यंत

पाचव्या सकाळी आळेफाटा. चारही दिशांच्या एसट्या, भाजीचे पिकअप, वडापाव, आणि मधोमध दहाच्या आतला वेग. अंगणातली शिकवण इथं पहिल्यांदा कामाला आली. मागचा ब्रेक, अर्धा क्लच, नजर पलीकडच्या कडेला. पाय खाली न टेकता फाटा पार झाला तेव्हा मी काचेआड मोठ्यानं ओरडले.

ओतूर मागे पडलं आणि रस्ता मोकळा झाला. साठ, सत्तर, ऐंशी. एवढं अवजड वाटणारं वजन आता कुठं गेलं होतं कळेना. फिरत्या चाकांना आपली दिशा सोडायची नसते, आणि लांब गाडी सरळ चालायला राजी असते. छातीवर येणारा वारा काच डोक्यावरून पलीकडे नेत होती. या वेगात वळायची रीत मात्र उलटी. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे हलकेच रेटायची. हँडल क्षणभर उजवीकडे जातं, त्यामुळे गाडी डावीकडे झुकते आणि झुकली की वळते. सायकलपासून सगळ्या दुचाकी अशाच वळतात, फक्त हलक्या गाडीवर ते आपल्याला जाणवत नाही. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइटला हे कळलं होतं. मला ते डिंगोऱ्याच्या पुढच्या एका लांब वळणावर कळलं, तळहातात.

पुढे पिंपळगाव जोग्याचं पाणी दिसायला लागलं, तुडुंब, आणि त्यापलीकडे हरिश्चंद्रगडाची भिंत ढगात. मढच्या पुढे धुकं इतकं दाटलं की मी पुन्हा वीसवर आले. घाटाच्या तोंडाशी दरडीचा ओला मुरूम रस्त्यावर आलेला. तिथूनच परत फिरायचं ठरवलं. अरुंद रस्त्यावर ही गाडी एका दमात वळत नाही, आणि हिला मागचा गियर नाही. चढाकडे तोंड करून उभं राहायचं, मग उतार तिला मागे आणतो, आपण फक्त ब्रेक सोडत-धरत राहायचं. कणसं भाजणाऱ्या बाई पदरानं धूर हाकत हे सगळं बघत होत्या. वळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, पेलती का हो?" मी गाडी लावली आणि दोन कणसं घेतली.

उसातून परत

आतेभावाचं बजावणं एकच होतं: दिवेलागणीच्या आत घरी. या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्या. उसात वाढलेल्या बिबट्यांना ऊसच जंगल वाटतो. जुन्नरला माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे, आणि दुचाकीवर झेप घेतल्याच्या बातम्या इथं नव्या राहिलेल्या नाहीत. माणसं अंधारात एकेकटी निघत नाहीत, दोन-तीन गाड्या मिळून निघतात. हंगाम लागला की विघ्नहर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर निघतील आणि हाच रस्ता आणखी अरुंद होईल.

सूर्य कलला होता. उसाच्या भिंतींमधून इंजिनाचा आवाज परत अंगावर येत होता. मी वेग कमी ठेवला, बाहेरच्या कडेपेक्षा मधून चालवली, आणि नजर दिव्याच्या झोताच्या टोकाला. एका बांधावर काहीतरी हललं. कुत्रं होतं.

अंगणात शिरले तेव्हा वृंदावनापाशी पणती लागली होती. तिच्याभोवती एक फेरी घातली आणि बराखीच्या दाराशी, तोंड बाहेरच्या बाजूला करून गाडी उभी केली. मामांनी ओट्यावरून नुसती मान हलवली.

सोमवारी बेल्ह्याचा बाजार. सकाळी पिशव्या खांद्याला लावून आत्या गाडीपाशी येऊन उभी राहिली. एस.टी.नं जाणार नाही म्हणाली. पुण्याच्या रमिला लटपटे मार्च 2023मध्ये नऊवारी नेसून मुंबईहून मोटरसायकलनं जगप्रवासाला निघाल्या होत्या, ती बातमी तिनं टीव्हीवर पाहिली होती आणि विसरली नव्हती. "नऊवारीत दोन्हीकडं पाय टाकून बसता येतं. तुमच्या साडीचं काय ते तुमचं तुम्ही बघा," असं म्हणत तिनं कासोटा घट्ट केला.

पिशव्या मी बाजूला बांधल्या. सीटवर बसले, साइड स्टँड वर घेतला, दोन्ही तळवे मातीत रोवले, मागचा ब्रेक सोडून या एका वेळी पुढचा गच्च धरला. मागून तिचा हात माझ्या खांद्यावर आला, मग वजन.

"बसले," ती म्हणाली. "आता दमानं."